एक थेंब गळत नाही

मी ड्रिल बोलतोय. सहा एमएमचा, स्टेनलेस स्टीलला भोक पाडणारा. पण आधीच सांगून टाकतो, मी अख्खा नाही. माझे दोन तुकडे झालेत. त्यातला एक बरेच महिने उधव्याला लहान्याच्या पडवीत पडून होता आणि दुसरा चारोटीला, हायवेवरच्या एका हॉटेलातल्या बॉयलरच्या डोक्यात रुतून बसला होता.

तुम्ही विचाराल, तुटलेल्या ड्रिलला दोन्ही ठिकाणचं कसं कळतं? कळतं. तुमचा एक पाय घरात आणि एक अंगणात असला, तर तुम्हाला दोन्हीकडची जमीन लागतेच ना? माझंही तसंच आहे. मात्र तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्ही सांगू शकता. मला सांगता येत नव्हतं, आणि सांगायला हवं होतं ते सगळं फक्त मलाच ठाऊक होतं.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला आठवत नाही. साध्या ड्रिलपेक्षा माझ्यात कोबाल्ट जास्त, म्हणून माझा रंग कोऱ्या चहासारखा. मला ओळख मिळाली ती लहान्याच्या हातात. लहान्या उधव्याचा. सीमेपलीकडे, वापीच्या एका कारखान्यात त्याने बावीस वर्षं भोकं पाडली. काम सुटलं त्या दिवशी साहेबांनी त्याला शाल आणि नारळ देऊ केला. लहान्या म्हणाला, "शाल नको साहेब, तो ड्रिल द्या." सगळे हसले. शाल, नारळ आणि मी, असे तिघेही त्याच्या पिशवीतून घरी आलो. शाल पुढे उंदरांनी खाल्ली.

घरच्या पडवीत त्याने आपला छोटा कारखाना मांडला. एक हातातली ड्रिल मशीन, एक शिकंजा, एक ग्राइंडर आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात आम्ही ड्रिल मंडळी. लोक पाण्याच्या टाकीचे स्टँड आणत, देवळाची दानपेटी आणत, चिकू निवडायच्या टेबलाचे पत्रे आणत. स्टीलचं काम असलं की डब्यातून मलाच बाहेर काढत. बाकीचे ड्रिल माझ्यावर जळत, असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते बिचारे साधे होते. त्यांना जळणंही जमत नसे, ते नुसतेच करपत.

लहान्या आपल्या मुलाला, नविनला, शिकवायचा. "लोखांड गरीब हाये. कसा पन मार, ऐकतं. स्टील मानी हाये. नुसतं घासत बसलास का रुसते, आन् रुसली का दगड होते. मंग तिचा बाप आला तरी भोक पडत नाय. सावकाश फिरव, जोर देऊन दाब, तेल सोड." तेल म्हणजे मोहाच्या बियांचं, घरच्या घाण्याचं. तापलेल्या स्टीलवर ते पडलं की पडवीभर तळणाचा वास सुटायचा आणि रस्त्याने जाणाऱ्या बायका विचारायच्या, "लहान्या, वडे काढतंस का रं?" लहान्या मान न उचलता म्हणायचा, "भोकं तळतोय, या खायला."

माझ्या शेपटीला त्याने कानशीने एक बारीक खाच केली होती, शेजाऱ्याच्या ड्रिलमध्ये मी हरवू नये म्हणून. पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. दवाखान्यात जायला उशीर झाला. एक डोळा गेला आणि दुसऱ्यात नुसता उजेड उरला. तेव्हापासून मशीन नविनच्या हाती आणि लहान्या पडवीतल्या बाजेवर. तो आवाजावरून काम बघायचा. चुरा लांब, गुंडाळी होऊन निघतोय की तुटका निघतोय, हे त्याला ऐकून कळायचं. मशीन जरा किंचाळली की बाजेवरून हाक यायची, "हळू रं!"

नविन वाईट नाही. हे मी आत्ता सांगतो आणि शेवटीही सांगेन. हाताला सफाई आहे, कामाची लाज नाही. फक्त त्याला घाई असते, आणि आपली चूक कुणाला दिसली की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

नविनची मोठी बहीण जिवली. आई लवकर गेली तेव्हा नविनला तिनेच कडेवर वाढवलं. तिला चारोटीजवळच्या पाड्यावर दिली आहे. हायवेला मनिषभाईंचं हॉटेल आहे, तिथे ती ढोकळ्याच्या कामावर. इडली, ढोकळा, पात्रा, सगळं वाफेवर. तिथला जुना बॉयलर लहान पडायला लागला तेव्हा जिवलीनेच शब्द टाकला, "माझा भाऊ करून देईल, स्टीलचा. बाहेर नका जाऊ."

होळीच्या आधीची गोष्ट. नविनने पडवीत बॉयलर उभा केला. कमरेएवढं स्टीलचं पिंप, वरून जाड पत्र्याचं झाकण वेल्ड करून बंद. खाली गॅसची शेगडी बसणार. झाकणाला दोन भोकं हवी होती. एक मोठं. त्यातून नळी निघते, नळीला कॉक असतो आणि वाफ ढोकळ्याचे ट्रे लावलेल्या कपाटात जाते. दुसरं लहान, सहा एमएमचं, सेफ्टी व्हॉल्व्हसाठी. ट्रे बदलायला कॉक बंद केला की वाफेला जायला जागा राहत नाही, तेव्हा ती या लहान भोकातून शिट्टी मारत बाहेर पडते. तुमच्या कुकरचं असतं तसंच. मोठं भोक ढोकळ्यासाठी, लहान भोक माणसांसाठी.

मोठं भोक झालं. टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. नविनने लहान भोकाची खूण पंचने ठोकली, मला मशीनच्या जबड्यात आवळलं आणि सुरुवात केली. तेल घेतलं नाही, बाटली आत होती. एवढ्याशा भोकाला कोण उठतंय! वेग जास्त, दाब कमी. मी कापत नव्हतो, नुसता घासत होतो. खालचं स्टील रुसायला लागलं, ते मला टोकाला जाणवलं. बाजेवरून हाक आली, "हळू रं!" नविनने मशीनचा खटका दाबून लॉक केला आणि दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकला. मी कसाबसा आत शिरलो. टोक पलीकडे निघणार, एवढ्यात लाईट गेली.

मशीन गप्प. मी पत्र्यात अडकलेला. नविनने मशीन तशीच तिरकी सोडून दिली आणि तो पाणी प्यायला गेला. खटका लॉकच होता. हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही, माझ्या राहिलं होतं. पण माझं कोण ऐकतंय?

लाईट आली. तिरक्या मशीनने एकदम हिसका मारला आणि मी मोडलो.

"काय तुटलं?" लहान्याने विचारलं.

"काय नाय बा. पक्कड पडली."

ते पहिलं खोटं. अगदी लहानसं, माझ्या टोकाएवढं.

नविनने मला काढायचा खूप प्रयत्न केला. ठोकून पाहिलं, पकडीने ओढून पाहिलं. मला पोखरून काढावं तर तेवढ्या कडक जातीचा ड्रिल घरात एकच होता आणि तो मीच होतो. मग त्याने दोन बोटं सोडून दुसरं भोक पाडायला घेतलं, साध्या ड्रिलने. एक करपला, दुसरा करपला. स्टीलवर नुसता एक चकचकीत ठिपका पडला. नवा कोबाल्टचा ड्रिल आणायचा तर वापीला जायला हवं, आणि दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानं बंद.

मग त्याने ग्राइंडर घेतला, माझं वर आलेलं डोकं पत्र्याबरोबर सपाट केलं आणि बरोबर माझ्यावर व्हॉल्व्हची बैठक वेल्ड करून टाकली. व्हॉल्व्ह छान दिसत होता. पितळी, नवा कोरा. त्याच्या खाली भोक नव्हतं, मी होतो. "सोमवारी ड्रिल आणतो, बॉयलर परत मागवतो आणि नीट करतो," नविन स्वतःशीच पुटपुटला. माझा शेपटीकडचा तुकडा त्याने डब्यात खिळ्यांच्या खाली दडवला.

चारोटीला बॉयलर उतरला तेव्हा मनिषभाईंनी नारळ फोडला. पाणी भरलं, शेगडी पेटवली आणि सगळे भोवती जमले. प्रत्येक जण एकच गोष्ट बघत होता, कुठे गळतंय का. जिवलीने तर बाजारात मडकं घेताना वाजवतात तसं बोटाच्या पेराने पिंप वाजवलं, कान लावला. दक्षाने, जिवलीच्या जोडीला काम करते ती, सगळ्या वेल्डिंगवरून कोरडं फडकं फिरवलं. फडकं कोरडंच राहिलं.

"एक थेंब गळत नाही!" मनिषभाई खूश झाले. "वाह नविनभाई, बॉयलर असावा तर असा."

माणसांची ही मोठी गंमत आहे. पिढ्यानपिढ्या तुम्ही भांड्याला भोक नाही ना, हेच तपासत आलात. मडकं, हंडा, घागर, सगळ्यांची परीक्षा एकच. एखादं भांडं असंही असतं, की त्याचं भोक उघडं आहे ना हे आधी बघायचं असतं, ही गोष्ट त्या दिवशी एकाच्याही मनात आली नाही. म्हणजे एकाच्या आली होती. त्याने तोंडही उघडलं. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या हातात चहा दिला आणि तो मूग गिळून बसला. जिवली भावाकडे अशी बघत होती, की सगळं हॉटेल त्यानेच बांधलंय.

तेव्हापासून मी तिथे होतो. पत्र्यात बसलेल्याला पत्र्याचा श्वास कळतो. कॉक उघडा असला की सगळं ठीक. ट्रे बदलायला जिवलीने कॉक बंद केला की आतली वाफ वर यायची, इकडे तिकडे धडकायची आणि मग माझ्यापाशी यायची. मला ढकलायची. तिची वाट तीच होती आणि वाटेत मी उभा होतो. मिनिटभराने कॉक उघडला की ती नळीतून निघून जायची. पत्रा केसभर वर यायचा, केसभर खाली बसायचा. दिवसातून चाळीस वेळा, कधी पन्नास.

जुना बॉयलर कॉक बंद केला की सूंऽऽ करून ओरडायचा. टेबलावरची लहान मुलं दचकून रडायची. हा गप्प. दक्षाने त्याला नावच ठेवलं, मुका. "मुका बरा गं बाय," ती जिवलीला म्हणायची, "कान तरी शांत राहतात." गिऱ्हाइकांनाही बरं वाटलं. मनिषभाई येईल त्याला सांगायचे, आमचा बॉयलर बघा, आवाज नाही, गळती नाही.

रस्त्यापलीकडे दीपेशचं हॉटेल. तो एक दिवस मुद्दाम बघायला आला. नेमका नविन त्या दिवशी चारोटीला आलेला. दीपेशने त्यालाच विचारलं, "यार, माझा दिवसभर ओरडतो, डोकं उठतं. तुझा कसा काय गप्प?"

नविनभोवती बघणारे चार जण होते. "सेटिंग असते," तो म्हणाला.

दीपेश मान डोलवत गेला. नंतर दक्षाने बातमी आणली, की दीपेशने आपल्या व्हॉल्व्हचा स्क्रू पाना लावून गच्च आवळला, वरून वायसर टाकला. आता त्याचाही बॉयलर मुका झाला.

दीपेश येऊन गेला त्याच दिवशी जिवलीने नविनपुढे गरम ढोकळ्याची बशी ठेवली. "तुझ्याच बॉयलरचा हाये, खा." त्याने एक तुकडा तोंडात घातला. तो गिळायला त्याला दोन पेले पाणी लागलं.

"बाय," तो हळूच म्हणाला, "कॉक लय वेळ बंद नको ठेवू."

"का रं?"

इथे त्याला सगळं सांगता आलं असतं. बहीणच होती, फार तर पाठीत धपाटा घातला असता.

"असंच. गॅस वाया जातो."

जिवलीने ऐकलं. मालकाचा गॅस वाचावा म्हणून ती बरेच दिवस कॉक लवकर उघडायची. भीती सांगितली असती तर ती कायम लक्षात राहिली असती. गॅस कोण किती दिवस लक्षात ठेवतं?

नविनने नवा ड्रिल आणला तो तीन आठवड्यांनी. पण बॉयलर परत मागवायचा, तर का ते सांगायला हवं. दर सोमवारी सकाळी तो डबा उघडायचा, खिळ्यांखालून माझा तुकडा काढायचा, तळहातावर धरून बघायचा आणि परत ठेवून द्यायचा. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. पावसाळा आला, गेला. बॉयलरमध्ये बोअरच्या पाण्याचा पांढरा थर साचत गेला आणि माझ्या टोकाभोवती तो दगडासारखा बसला. आता मी जरी हललो असतो, तरी भोक उघडलं नसतं.

दसरा आला.

लहान्याच्या घरी दसऱ्याला सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. झेंडूची फुलं, नव्या भाताची लोंबी, कुंकू. कोयता, कुऱ्हाड, विळा, आणि आमचा अख्खा डबा. डोळे गेल्यापासून लहान्या पूजेआधी प्रत्येक हत्यार हातात घेतो, अंगठा फिरवतो, मग पाटावर ठेवतो. त्या सकाळी त्याने दोन, तीन, चार एमएमचे ड्रिल ठेवले. मग सहाचा घेतला. त्याचा अंगठा शेपटीवरून गेला आणि थांबला. परत गेला.

"हा माझा नाय."

"तुझाच हाये बा," नविन म्हणाला.

"माझ्याला खाच हाये. माझा कुठं?"

लहान्या हात पुढे करून बसून राहिला. हात खाली घेईना. शेवटी नविनने डबा उपडा केला आणि माझा तुकडा त्या हातावर ठेवला. लहान्याने खाच चाचपली. मग अंगठा दुसऱ्या टोकाला नेला. तिथे मी तुटलेला होतो. ते टोक इतकं खरखरीत, की त्याच्या अंगठ्यातून रक्ताचा ठिपका आला.

"याचा बाकीचा कुठं हाये?"

"मनिषभाईच्या बॉयलरात."

"कुठल्या भोकात?"

"व्हॉल्व्हच्या."

मला वाटलं म्हातारा ओरडेल. तो ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "जिवली आज कामावर हाये ना?"

ती कामावर होती. दसऱ्याला हायवेवर फाफडा-जिलेबीसाठी लोक तुटून पडतात. मनिषभाईंच्या हॉटेलबाहेर रांग लागली होती. सगळे हात कढईकडे वळवलेले. ढोकळ्याचं पीठ संपलं होतं, दुसरं फेटायला वेळ लागत होता. पण मनिषभाई ओरडत होते, "जिवलीबेन, वाफ तैयार ठेवा हां, पीठ आलं की लगेच लावा!" म्हणून शेगडी मोठी आणि कॉक बंद. मिनिटभर नाही, पाच मिनिटं नाही. मी मोजत नव्हतो, मला मोजता येत नव्हतं. पत्रा एकदा वर आला होता तो खाली बसायलाच तयार नव्हता.

इकडे नविनने फोन लावला. "मनिषभाई, बॉयलर जरा बंद ठेवा. मी सर्व्हिसिंगला येतो."

"आज? अरे दसरा छे आज! लाईन रोडपर्यंत गेलीय. उद्या ये." फोन कट.

एवढं होऊनही त्याच्या तोंडून खरं निघालं नाही. सर्व्हिसिंग म्हणाला!

"परत लाव," लहान्या म्हणाला. "माझ्या कानाला लाव."

मनिषभाईंनी दुसऱ्यांदा फोन उचलला तो चिडूनच. लहान्याने त्यांना बोलू दिलं नाही. "मी जिवलीचा बा. बॉयलरचं व्हॉल्व्हचं भोक बुजलेलं हाये. माझ्या पोरानं बुजवलं. गॅस बंद करा आन् सगळ्यांना भायेर काढा. आत्ता."

मनिषभाईंच्या हातातला झारा खाली पडला. "जिवलीबेन! गॅस बंद! बाहेर, बाहेर, सगळे बाहेर!"

लोक का पळतायत हे न कळता पळाले. जिवलीने शेगडी बंद केली. ती दारापर्यंत गेलीही. मग तिने मागे वळून पाहिलं. भिंत आणि बॉयलर यांच्यामधल्या कोपऱ्यात दक्षा ट्रे घासत बसलेली. उठून उभी राहिली होती, पण पाय उचलेना. बाहेर यायची वाट बॉयलरला घासूनच होती, आणि बॉयलरचा माथा आता डोळ्यांना दिसेल इतका फुगला होता. माझ्या कडेने पत्रा करकरत होता. मी जन्मात पहिल्यांदा देवाला काही मागितलं. म्हटलं, मला उडव. कुठेही उडव, पण वाट मोकळी कर. मी हललो नाही.

जिवली परत आत आली. ओलं फडकं हाताला गुंडाळलं आणि तिने कॉक फिरवला.

वाफ नळीत घुसली. एवढ्या जोराची सवय नळीला कुठे होती? रबरी नळी कपाटापासून निखळली, सापासारखी उसळली आणि वाफेचा लोट जिवलीच्या उजव्या हातावर आला, कोपरापासून बोटांपर्यंत. ती किंचाळली, पण तिने कॉक परत बंद केला नाही. वाफ जाईपर्यंत ती तशीच बाजूला दबून राहिली. पत्रा हळूहळू खाली बसला. मग दक्षानेच तिला धरून बाहेर आणलं.

नविन पाऊण तासाने पोचला. माझा तुकडा त्याच्या खिशात होता. जिवली पाण्याच्या बादलीत हात घालून बाकड्यावर बसली होती, दवाखान्यात न्यायच्या गाडीची वाट बघत. हॉटेलचे लोक, रांगेतले लोक, सगळे भोवती. नविन त्यांच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "भोक मी बुजवलं होतं. ड्रिल तुटला म्हणून. मला माहीत होतं." त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात जड वाक्य असावं. ते सात महिन्यांपूर्वी फार हलकं होतं.

कुणीतरी त्याच्या कानाखाली वाजवली. जिवलीने त्या माणसाला थांबवलं. मग भावाकडे बघून म्हणाली, "मी तुझ्यासाठी शब्द टाकला होता रं."

एवढंच. नविन तिथेच मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला.

आठ दिवसांनी जिवलीचा हात बांधलेला असतानाच तिने त्याला बोलावलं. "भोक पाड. हितंच. माझ्यासमोर." लहान्यालाही रिक्षाने आणून बाकड्यावर बसवलं. नविनने आधी व्हॉल्व्हची बैठक आणि खालची पत्र्याची चकती कापून मला बाहेर काढलं, तिथे नवा पत्रा जोडला. मग नवा ड्रिल लावला आणि तेल सोडलं. मोहाचं. चुऱ्याची लांब गुंडाळी निघाली. बाकड्यावरून आवाज आला, "हां. असंच." नवा व्हॉल्व्ह बसला, पाणी भरलं, कॉक बंद केला. थोड्या वेळाने शिट्टी अशी कडाडली, की मनिषभाई खुर्चीवरून उठून उभे राहिले. जिवली तेवढी हलली नाही. ती डोळे मिटून ऐकत होती.

माझे दोन्ही तुकडे जिवलीने एका तारेत ओवून बॉयलरच्या पायाला बांधलेत. येणारा जाणारा विचारतो, हे काय? ती सांगते. दर वेळी पहिल्यापासून सांगते. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. ढोकळा ती आता डाव्या हाताने कापते. नविन वाईट नाही, हे तीही सांगते.

मी आता कुठलंच भोक पाडणार नाही. गंजलो तर गंजलो. तारेत लटकून मी फक्त ऐकतो. इकडचा बॉयलर दिवसातून चाळीस वेळा ओरडतो, मुलं दचकतात, मनिषभाई कपाळाला हात लावतात. त्या प्रत्येक आवाजाने माझ्या जिवात जीव येतो.

पण मला ऐकायचं असतं ते रस्त्यापलीकडचं. दीपेशने स्क्रू अजून सैल केलेला नाही. जिवली जाऊन आली, जळलेला हात दाखवून आली. तो म्हणाला, "तुमच्यात भोकच बुजलं होतं. माझ्यात आहे ना भोक. फक्त सेटिंग केलंय." नविन तर दर सोमवारी जातो. पाना हातात घेऊन जातो, हात जोडतो. मागच्या सोमवारी दीपेश त्याला म्हणाला, "तेव्हा बोललास सेटिंग. आता बोलतोस धोका. तू खरं कधी बोललास, ते तरी सांग."

नविन पाना घेऊन तसाच परत आला.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही या रस्त्याने जाता. चारोटीला थांबता, गरम ढोकळा मागवता. बशी येईपर्यंत जरा कान द्या. शिट्टी ऐकू आली तर दचका आणि निवांत खा. नाही ऐकू आली तर उठा, आत जा आणि विचारा. मालक म्हणेल, बघा, एक थेंब गळत नाही. तुम्ही ऐकून घेऊ नका.

आज सकाळपासून दीपेशकडे लग्नाच्या वऱ्हाडाच्या दोन बसगाड्या थांबल्यात. वाफेची कपाटं भरली असतील, कॉक बंद होत असतील. इकडचा बॉयलर आत्तापर्यंत अकरा वेळा ओरडला. समोरून अजून एकदाही आवाज आलेला नाही.